लक्ष्मीबाई टिळक : एका ख्रिस्ती गृहस्थाश्रमाचे चरित्र

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा गेल्या दीड शतकाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः धर्मांतर करणाऱ्या व्यक्तीच्या अंतरंगाकडे लागलेले असते. तिच्या मनातील संशय, वाचन, मित्रांशी झालेले वाद, शेवटी बाप्तिस्मा, असा त्या चरित्राचा क्रम ठरून गेला आहे. त्या व्यक्तीच्या मागे राहिलेल्या घराचे काय झाले, आणि पुढे जे नवे घर उभे राहिले त्यात श्रद्धेची ऊब टिकली की केवळ तिचे नाव टिकले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः श्रद्धेची खरी परीक्षा तेथेच होते. चारचौघांत आवेशाने बोलणारा पुरुष आपल्या स्वयंपाकघरात कसा वागतो, हे फक्त त्याची बायकोच सांगू शकते, आणि एकोणिसाव्या शतकातील बायका लिहीत नसत.

एक लिहिती झाली. तिनेच त्या काळातील एका ख्रिस्ती संसाराचे असे चित्र मराठीला दिले की त्याच्या तोडीचे दुसरे चित्र अद्याप झालेले नाही. प्रस्तुत लेख लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) चरित्राचा आहे. परंतु हा संसार दोघांचा असल्यामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यावाचून तो सांगता येणार नाही.

प्रथम या घराभोवतीची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांच्याबरोबर नांदण्यास नकार दिला आणि तो संसार तेथेच संपला. काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी त्यांच्याकडे आली खरी, पण १८५३ साली एक तान्ही मुलगी मागे ठेवून ती वारली, आणि ती मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणजे बायको विधवेसारखी होई, मात्र तिला वैधव्याची सहानुभूतीही मिळत नसे. सरकारनेही या अवस्थेची दखल घेतली होती. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार त्याच्याकडे येण्यास नाकारीत असेल, तर ठरावीक मुदतीनंतर न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेण्याची सोय होती. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी तुटलेली होती. जातीने ती तोडली होती आणि कायद्याने तोडण्यास अनुमती दिली होती. टिळकांच्या घराची कथा या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे वेगळेपण ध्यानात येते.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या जन्मापूर्वीच त्या घरावर एक सावली पडली होती. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने म्हणा किंवा तेव्हाच्या भीतीने म्हणा, लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस, तो धुण्याजोगा असो वा नसो, पाण्याने शुद्ध झाल्यावाचून घरात यावयाचा नाही. बायकामुलांचे निम्मे आयुष्य या पाण्यात गेले. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे हसत हसत सांगितले आहे. पण त्या हसण्यामागे एका लहान मुलीची दमछाक आहे, हे वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते. धर्माच्या बाबतीतील अतिरेकी उत्साह घरातल्या माणसांना किती महाग पडतो, हे त्यांनी ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी, परकऱ्या वयातच पाहिले होते. पुढे दुसऱ्या प्रकारचा उत्साह त्यांच्या वाट्यास आला तेव्हा त्या भांबावल्या नाहीत, त्याचे एक कारण हेही असावे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, बुद्धीने तेजस्वी, संस्कृतात पारंगत होऊ पाहणारा, शीघ्रकवी, आणि कोठेही स्थिर न राहणारा. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव अत्यंत कडक स्वभावाचे. आई जानकीबाई कवितेची जाण असलेली, मवाळ, आणि नवऱ्याच्या संतापाखाली अकाली मिटून गेलेली. आईच्या मृत्यूनंतर मुलगा घर सोडून नाशिकास आला आणि लोकांच्या आधाराने शिकला. घराविषयीची ओढ आणि घरात न रमण्याची खोड, या दोन्ही गोष्टी त्याच्या स्वभावात तेव्हापासून एकत्र नांदू लागल्या. बायकोला घेऊन आज एका गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी पुराणिक, परवा काहीच नाही, असा संसार कित्येक वर्षे चालला. मध्येच गृहस्थ नाहीसे व्हावयाचे आणि काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, परत यावयाचे. झालेली मुले लहान वयातच गेली. पुढे १८९१ साली देवदत्त जन्मला आणि तो जगला. त्याच सुमारास नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात टिळकांना थोडी स्थिरता लाभली. पण ती स्थिरता बाहेरची होती. मनाने ते जुन्या धर्मातून केव्हाच उठले होते. जातिभेद त्यांना असह्य झाला होता आणि आपणच एखादा नवा धर्म स्थापन करावा इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने संभाषणाच्या शेवटी नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत फारसे रुचले नाही, परंतु दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले. भाकिताची मुदत संपण्यापूर्वीच, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या भायखळ्याच्या मंडळीत रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. एतद्देशीय पाळकाच्याच हातून बाप्तिस्मा व्हावा, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने किरकोळ नव्हती; आपण ख्रिस्ताकडे जात आहोत, युरोपीयांकडे नव्हे, हे त्यांना सर्वांस कळावयास हवे होते.

ते सर्वांस कळले. मात्र ज्या व्यक्तीला आधी कळावयास हवे होते, तिला ते नीट कधी सांगितलेच गेले नव्हते. वाचन, पत्रव्यवहार, निर्णय, हे सारे लक्ष्मीबाईंच्या पाठीमागे घडले. अशा प्रसंगी चरित्रकार बहुधा धर्मवीराच्या एकाकी धैर्याचे वर्णन करून पुढे जातात. प्रस्तुत लेखकास तसे करणे योग्य वाटत नाही. टिळकांच्या निष्ठेविषयी संशय नाही. पण ही निष्ठा घराबाहेर जन्मली आणि घरात एखाद्या आघातासारखी कोसळली, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय सत्तावीस वर्षांचेही पुरते नव्हते. पदरात साडेतीन-चार वर्षांचा दत्तू. नातलगांना त्या जिवाचे काही बरेवाईट करून घेतील अशी भीती वाटत होती आणि त्यांनी त्यांच्यावर पहारा ठेवला. बहिणीचे यजमान पेंडसे यांनी त्यांना आधार दिला, आणि पुढील काही वर्षे त्यांचे वास्तव्य पंढरपुरी, विठ्ठलाच्या सावलीत झाले.

या वियोगाच्या काळातच त्यांना कविता होऊ लागली. अक्षरओळख बेताचीच होती. टिळकांनी लग्नानंतर शिकविण्याचा प्रयत्न केला होता, पण शिष्या अडखळली की गुरूचा संताप अनावर होई, आणि धडा तेथेच थांबे. जोडाक्षरांनी तर त्यांचा जन्मभर पिच्छा पुरविला. अशा स्त्रीने दुःख सांगण्यासाठी ओव्या आणि पदे रचावीत, यात कोणाला नवल वाटेल. परंतु मराठी स्त्रीला दळताकांडता ही सोय शतकानुशतके होतीच. वियोगाची ही रचना पुढील सर्व लेखनाचा पाया ठरली.

उभयतांचा संबंध तुटला नाही, याचे श्रेय दोघांनाही द्यावयास हवे. टिळक पत्रे लिहीत राहिले. कायद्याची वाट त्यांना खुली होती. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिले नाही. ज्या मनुष्याने कोणतीही नोकरी, कोणतेही गाव आणि कोणतेही मत धरून ठेवले नव्हते, त्याने ही एक गोष्ट चार-पाच वर्षे धरून ठेवली. लक्ष्मीबाईंनी तर आप्तांचा सल्ला, जातीचा धाक आणि स्वतःची भीती या तिन्हींच्या विरुद्ध जाऊन नवऱ्याकडे जाण्याचे ठरविले. येथे नीट लक्षात घेतले पाहिजे की त्या ख्रिस्ताकडे जात नव्हत्या. त्या नवऱ्याकडे जात होत्या, आणि आपला धर्म आपल्यापाशी ठेवून जात होत्या.

तेव्हाच्या अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) हा संसार पुन्हा मांडला गेला. एका घरात दोन धर्म आले. लक्ष्मीबाईंची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळक मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवीत आणि घरी आल्यावर बायकोच्या ओवळ्याच्या मर्यादा सांभाळीत. त्यांच्यासारख्या उतावळ्या मनुष्याने या बाबतीत केलेला संयम अपूर्व म्हटला पाहिजे. ज्या विषयावर ते सभेत गर्जना करीत, त्याच विषयात घरी त्यांनी सक्ती केली नाही. क्वचित चिडले, रुसले, वाद घातला, पण हात धरून ओढले नाही. त्यांच्या एकूण चरित्रातील सर्वांत ख्रिस्ती असे जर काही असेल, तर ते त्यांच्या भक्तिगीतांइतकेच या वागण्यात आहे, असे मला वाटते.

सोवळ्याचा शेवट कसा झाला, ही हकीकत विशेष मनन करण्याजोगी आहे. कोणा धर्मोपदेशकाच्या व्याख्यानाने तो झाला नाही. राहुरीच्या वास्तव्यात लक्ष्मीबाईंनी आपल्याच मनाशी या प्रश्नाचा निकाल लावला. जाती देवाने केल्या असत्या तर त्यांची खूण देवाने देहावर ठेवली असती, स्त्री आणि पुरुष हा भेद जसा दिसतो तसा ब्राह्मण आणि महार हा भेद दिसला असता. तो दिसत नाही, म्हणून तो माणसाने केलेला आहे, अशा धाटणीचा तो विचार होता. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही उणीव काढता येईल. परंतु ज्या मुलीचे बालपण मिठाला आणि धान्याला शुद्ध करण्यात गेले, तिने एका रात्रीत हा हिशोब मांडला आणि दुसऱ्या दिवशी तो अमलात आणला, यातील धैर्य तर्काने मोजता येणारे नाही. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी साध्या पिण्याच्या पाण्याने त्यांचे धर्मांतर झाले. १९०० साली त्यांनी रीतसर बाप्तिस्मा घेतला.

नाव मात्र बदलले नाही. नारायण नारायणच राहिले, लक्ष्मी लक्ष्मीच राहिली, मुलगा देवदत्त. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी नव्या धर्माबरोबर नवे नाव, नवा पोशाख, खुर्चीटेबल आणि काटाचमचा घरात येण्याचा संभव असे, आणि अनेकांना त्यातच प्रगती दिसे. टिळकांचा कटाक्ष याच्या उलट होता. ख्रिस्तभक्ती ही मराठी मनुष्याला मराठीतूनच व्हावयास हवी, ज्ञानेश्वर-तुकारामांच्या छंदातून व्हावयास हवी, हा त्यांचा आग्रह. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या संग्रहात त्यांची शंभरांहून अधिक गीते आहेत, आणि त्यांतील बहुतेक या नगरच्या घरात, मुलांच्या गलबल्यात, पाहुण्यांच्या वर्दळीत रचली गेली. ओवी आणि अभंग हे लक्ष्मीबाईंचे माहेरचे धन होते. नवऱ्याच्या नव्या भक्तीला त्यांच्या जुन्या कानाने ओळखले, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही. पदमनजींच्या पिढीला ही सोय नव्हती. तिचे ख्रिस्ती वाङ्मय प्रामुख्याने गद्यात, वादविवादात आणि भाषांतरात अडकलेले होते, आणि वादविवादाचे पुस्तक घेऊन मुलाला झोपविता येत नाही.

छप्पन्नच्या दुष्काळाने (१८९९–१९००) या घराला अगदी निराळे रूप दिले. अनाथ मुले दाराशी येऊ लागली आणि टिळक त्यांना घरात घेऊ लागले. घेण्याचे काम टिळकांचे; खाऊ घालण्याचे, न्हाऊ घालण्याचे, खरूज धुण्याचे आणि रात्री उठून पांघरूण घालण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. मिशनच्या पगारात चारपाच माणसांचे भागावयाचे, तेथे वीसवीस पाने पडू लागली. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. बाजारात पाठविले तर आणावयाचे ते राहून भलतेच काही घेऊन यावयाचे, किंवा वाटेत भेटलेल्या गरजूस सारे देऊन रिकाम्या हाताने यावयाचे, असा प्रकार. पुढे प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या छावणीत शुश्रूषेसाठी गेल्या. ज्या बाईला आयुष्यभर शिवाशिवीचे भय शिकविले गेले, तिने ज्या रोग्यांना त्यांचे स्वतःचे लोकही शिवत नव्हते त्यांना उचलले.

मराठीत आवेश आणि आस्था हे दोन शब्द आहेत. धर्मग्रंथांच्या भाषांतरकारांनी भक्ताच्या उत्कटतेसाठी बहुधा पहिला निवडला. टिळकांपाशी आवेश होता. तो पेटे, विझे, पुन्हा पेटे. लक्ष्मीबाईंपाशी आस्था होती आणि ती कधी पेटलेली दिसत नाही. दोहोंतील कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न निरर्थक आहे, कारण एकीवाचून दुसरी या घरात टिकलीच नसती. टिळक नसते तर लक्ष्मीबाई जलालपूर-पंढरपूरच्या पलीकडे आल्या नसत्या. लक्ष्मीबाई नसत्या तर टिळकांच्या दयाळूपणाची परिणती चार दिवसांत उपासमारीत झाली असती आणि ती अनाथ मुले दुसऱ्यांदा अनाथ झाली असती.

भांडणे मात्र होत, आणि भरपूर होत. या बाबतीत लक्ष्मीबाईंनी काहीही झाकून ठेवलेले नाही. टिळकांचा राग, त्यांचे रुसून निघून जाणे, मग पश्चात्ताप, मग लहान मुलासारखी क्षमायाचना. आणि आपलाही हट्ट, आपली जीभ, आपली फजिती. धार्मिक चरित्रांच्या वाचकाला आदर्श कुटुंबाची जी गुळगुळीत प्रतिमा अपेक्षित असते, तिचा येथे मागमूस नाही. बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा म्हणून कारखान्यांची वसाहत आहे. चार प्रांतांची माणसे पोटासाठी तेथे येऊन राहिली आहेत. तेथे हे लिहीत असता मनात येते की मुलूख सुटला, देऊळ किंवा देवळाची घंटा दूर राहिली, म्हणजे श्रद्धा जतन करण्याचा सारा भार घरावर येऊन पडतो, आणि मग घरातली भांडणे कशी होतात व कशी मिटतात, यावरच मुले आईबापांच्या देवाची पारख करतात. टिळकांच्या मुलांनी ही भांडणे पाहिली आणि ती मिटतानाही पाहिली. देवदत्त पुढे बापाच्या साहित्याचा संपादक आणि आईच्या लेखनाचा आधार झाला, ही काही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे.

या घराचा उंबरठा किती मोकळा होता, याचे उत्तम उदाहरण म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी (१८९०–१९१८). १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाच्या कवितेने सर्वांस मोहून टाकले आणि बालकवी हे नाव त्याला तेथेच मिळाले. टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले, त्याच्या विसरभोळेपणाला आणि भीतीला, त्याच्या लहरींना तोंड दिले. त्याला बाप्तिस्मा देण्याची खटपट या घराने केली नाही. तो हिंदूच राहिला. धर्मोत्साह म्हणजे दुसऱ्याच्या मागे लागणे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी या प्रकरणाचा विचार करावा. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेला, तेव्हा या घराने पोटचा मुलगा गमावल्याचे दुःख भोगले. लक्ष्मीबाईंनी त्याचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात कवीपेक्षा घरातील एक वेंधळे पोर अधिक आहे, आणि म्हणूनच बालकवींच्या कोणत्याही चरित्रकाराला ते टाळता येत नाही.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. त्याआधी, १९०९ च्या सुमारास, त्यांनी ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्यास आरंभ केला होता. या वर्षांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विस्तार नको.

अधिक महत्त्वाचे आहे ते १९१७ साल. टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारून साताऱ्यास राहावयास गेले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्व लोकांचा एक बंधुसंघ उभारावा, असा त्यांचा संकल्प होता. त्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ असे नाव दिले. कल्पना भव्य होती. मिशनच्या चौकटीबाहेर, पाश्चात्त्य पैशाबाहेर, मराठी भूमीवर उभा राहणारा भक्तसंप्रदाय! परंतु गृहस्थाश्रमात राहून संन्यास घेणाऱ्याच्या बायकोचे स्थान काय, हा प्रश्न दरबाराच्या योजनेत कोठेच नव्हता. बावीस वर्षांपूर्वी जे घडले त्याचीच ही एक सौम्य आवृत्ती होती: निर्णय त्यांचा, परिणाम दोघांचे. फरक एवढाच की या वेळी लक्ष्मीबाई मागे राहिल्या नाहीत. पगार नाही, निश्चित उत्पन्न नाही, पाहुणे मात्र दरबाराला शोभतील एवढे, अशा घराची व्यवस्था त्यांनी पत्करली. त्यांना ही योजना मनापासून पटली होती असे म्हणवत नाही. नवऱ्याची तळमळ खोटी नाही, एवढी मात्र त्यांची खात्री होती.

दरबार बाळसे धरण्यापूर्वीच टिळक आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले. आपल्या देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा होती आणि ख्रिस्ती रिवाज बाजूस सारून ती पाळली गेली. अस्थी नगरास नेऊन पुरण्यात आल्या. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहिलेल्या बहुतेक संस्थांचे असेच होते.

येथून लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची सतरा वर्षे उरतात, आणि माझ्या मते याच वर्षांत त्यांच्या श्रद्धेचे स्वतंत्र रूप दिसते. आता ओढून नेणारा कोणी नव्हता. मुंबई, मग मुलाबरोबर कराची, शेवटी नाशिक, असे त्यांचे वास्तव्य झाले. नवऱ्याने ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय लिहून ठेवले होते. ते काव्य अपुरे राहिल्याची खंत मोठमोठ्या विद्वानांना होती. त्यांपैकी कोणी लेखणी उचलली नाही. उचलली ती जोडाक्षरे न साधणाऱ्या या बाईने. उरलेले साठांहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. समीक्षकांनी दोघांच्या ओव्यांची तुलना करून टिळकांच्या भाषेतील भारदस्तपणा लक्ष्मीबाईंच्या भाषेत नाही, असे दाखविले आहे. ते खरेही आहे. टिळकांच्या ओवीत पंडित बोलतो. लक्ष्मीबाईंच्या ओवीत घरगुती बोलणे आहे. येशूची आई मरिया त्यांना जेवढी जवळची वाटते तेवढे धर्मशास्त्री वाटत नाहीत. काव्य म्हणून त्याचे मूल्य कमीअधिक ठरो, भक्ताच्या चिकाटीचा एवढा मोठा लेखी पुरावा आपल्या भाषेत दुर्मीळ आहे. मृत नवऱ्याचे अर्धवट राहिलेले स्तोत्र वर्षानुवर्षे एकटीने म्हणत राहावे, तसे ते काम आहे.

देवदत्तास वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा त्याचा आग्रह. त्या लिहू लागल्या. आणि चरित्राची सामग्री म्हणून निघालेले ते लेखन बघता बघता स्वतंत्र ग्रंथ होऊन बसले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकांनी तो उचलून धरला. त्यात धर्मोपदेश जवळजवळ नाही. एका अर्थी हे आश्चर्यच. ख्रिस्ती झालेल्या बाईने आपल्या धर्मांतराची कथा सांगावी आणि हिंदू वाचकांनी, ब्राह्मण वाचकांनी, ती घरच्या पुस्तकासारखी वाचावी, असा प्रसंग त्यापूर्वी आला नव्हता. याचे कारण त्यांच्या विनोदात शोधले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु विनोदाच्या मुळाशी दुसरीही एक गोष्ट आहे. त्यांनी माहेरच्या माणसांची निंदा केली नाही. सोवळ्याने वेडे झालेले वडील, पहारा ठेवणारे नातलग, छळणारा सासरा, हे सर्व त्यांच्या लेखणीखाली माणसे म्हणूनच राहिले. जुना धर्म सोडून आलेल्याच्या बोलण्यात सोडलेल्याविषयी जो एक कडवटपणा हमखास येतो, तो येथे नाही. नवऱ्याविषयीच्या त्यांच्या भक्तीतही आंधळेपणा नाही. त्यांनी त्यांना थोर म्हणून दाखविले, आणि त्याच पानावर त्यांच्यापायी आपण किती सोसले तेही सांगितले. त्यांतील एकासाठी दुसरे लपवावे, असे त्यांना वाटलेच नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्याच वर्षी आला. ‘ख्रिस्तायन’ संपूर्ण स्वरूपात १९३८ साली प्रसिद्ध झाले. वियोगकाळापासून विखुरलेल्या त्यांच्या कविता ‘भरली घागर’ या नावाने १९५१ साली निघाल्या. देवदत्त १९६५ पर्यंत आईवडिलांच्या कागदपत्रांची निगा राखत होते. त्यांच्यानंतर ते काम त्यांचे पुत्र अशोक यांनी हाती घेतले, जुन्या आवृत्त्यांतून गळलेला मजकूर पुन्हा जुळविला, आणि आजीच्या पुस्तकाची संपादित, सटीप आवृत्ती सिद्ध केली.